जुन्या मोटारीची चाल : शॉकअपची पारख आणि जुळणी

एखादी जुनी मोटार खड्ड्यातून गेल्यावर बराच वेळ डोलत राहते. दुसरी डोलत नाही, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा बसणाऱ्याच्या कण्यापर्यंत पोचवते. दोन्ही गाड्यांचे मालक गॅरेजमध्ये येतात, ‘शॉकअप गेले’ म्हणून सांगतात, आणि पुष्कळदा दोघांच्याही गाडीवर एकच इलाज होतो: नट आणखी आवळायचा, नाहीतर तेल आणखी जाड घालायचे. पहिल्या गाडीला त्याने थोडा उतार पडतो, दुसरीचे दुखणे वाढते. हे पुस्तक त्या इलाजाच्या विरोधात लिहिले आहे. शॉकअप जुळवण्याआधी तो मोजता येतो, घरच्या अंगणातही मोजता येतो, आणि मोजल्यावर अनेकदा असे दिसते की दोष भलतीकडेच होता.

चाक दगडावर चढते तेव्हा धक्का झेलते ती स्प्रिंग. पण झेललेली ऊर्जा ती स्वतःजवळ ठेवत नाही. दबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते. ही परत येणारी ऊर्जा घर्षणाने किंवा तेल पिळून उष्णतेत घालवणे एवढेच शॉकअपचे काम. जुन्या गाड्यांत या कामात आणखी एक भागीदार असतो आणि त्याचा हिशेब सहसा कोणी धरत नाही: कमानपाटे. एकावर एक रचलेले पाटे वाकताना परस्परांवर घासतात. हे घासणे म्हणजेच मोटारीचा सर्वांत जुना शॉकअप. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात बनलेली फोर्डची मॉडेल टी कारखान्यातून शॉकअपशिवायच बाहेर पडत असे. तिचे डोलणे जे काही आवरले जाई, ते पाट्यांच्या घर्षणानेच.

वेग वाढले तसे हे पुरेनासे झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत फ्रान्समधल्या त्रुफो यांची कल्पना अमेरिकेच्या एडवर्ड हार्टफर्ड यांनी उचलली आणि त्रुफो-हार्टफर्ड शॉकअप बाजारात आला. रचना इतकी साधी की आजही पाहताक्षणी समजते. दोन बाहू, एक चासीला जोडलेला, एक एक्सलला. दोघांच्या सांध्यात पोलादी आणि लाकडी चकत्या एकाआड एक. मधल्या बोल्टवर ताऱ्याच्या आकाराची स्प्रिंग-चकती. नट आवळला की तिचा दाब चकत्यांवर पडतो. आवळणे किती झाले ते दाखवायला काटा आणि खुणांची तबकडी. इंग्लंडमध्ये टी. बी. आंद्रे यांच्या कंपनीने हेच शॉकअप परवान्याने बनवले आणि १९२०च्या दशकातल्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांवर ते सर्रास दिसू लागले. बेंटली घ्या, १९२४ची बुगाटी टाइप ३५ घ्या, दोन्हीकडे घर्षणाचेच शॉकअप आहेत.

घर्षणाचा स्वभाव नीट समजून घेण्यासाठी इथे थोडे थांबले पाहिजे, कारण या गाड्यांच्या जुळणीतले निम्मे गोंधळ तो न कळल्यामुळे होतात. सुक्या घर्षणाचा विरोध वेगावर अवलंबून नसतो. बाहू हळू हलो की झटक्यात, चकत्या जवळजवळ तेवढ्याच जोराने अडवतात. समजा, एका चाकावरचे एकूण घर्षण एवढे आहे की तेवढ्या जोराने स्प्रिंग ५ मिमी दबली असती. आता गाडीचा तो कोपरा ४० मिमी खाली दाबून सोडला, तर तो वर ३० मिमी जाईल, मग खाली २०, मग वर १०, आणि मग थांबेल. प्रत्येक झोक्याला १० मिमीची वजाबाकी. आता तेलाचा शॉकअप लावा, असा की प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या साधारण निम्मा व्हावा. तोच कोपरा ४०वरून २१, ११, ६, ३ असा येईल. शाळेत शिकलेली अंकगणिती श्रेढी आणि भूमिती श्रेढी, दोन्ही इथे लोखंडात काम करताना दिसतात.

४० मिमीच्या झोक्यात दोघांत फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो मोठ्या आणि लहान हालचालींत. १०० मिमीचा मोठा झोका बसला की घर्षणाचा शॉकअप पुन्हा प्रत्येक वेळी १०च मिमी वजा करणार: ९०, ८०, ७०. गाडी डोलतच राहणार. तेल मात्र शंभराचे निम्मे करून मोकळे होईल. उलट टोकाला, ज्या बारीक खडबडीला स्प्रिंगने ५ मिमीहून कमी हलायला हवे, तिथे घर्षण स्प्रिंगला हलूच देत नाही. तेवढ्यापुरती गाडी बिनस्प्रिंगची होते आणि टायर सोडून दुसरे काही मऊ उरत नाही. त्यात भर म्हणजे थांबलेल्या चकत्या सरकवायला लागणारा जोर सरकत्या चकत्यांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे सुटण्याच्या क्षणी एक बारीक हिसका बसतो. एकाच गाडीबद्दल ‘डोलते’ आणि ‘आदळते’ या दोन्ही तक्रारी खऱ्या का असतात, ते या हिशेबातून कळते. नट आवळल्याने पहिली तक्रार थोडी कमी होते आणि दुसरी नक्की वाढते. म्हणून हार्टफर्डची जुळणी नेहमी सैल बाजूने सुरू करावी आणि गाडी जेवढ्यात सावरते तिथे थांबावे. तबकडीवर अजून खुणा शिल्लक आहेत, हे पुढे जाण्याचे कारण नव्हे.

हे ५ मिमी आणले कुठून? ते मोजता येतात, आणि ती चाचणी मला या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची वाटते. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक सोडून उभी करावी. पुढच्या एक्सलपासून चासीवरच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंत उंची मोजायची आहे. दोघांनी गाडीचा पुढचा भाग खाली दाबावा आणि हातांनी आवरत, अगदी हळू वर येऊ द्यावा. जिथे थांबेल तिथे उंची लिहून घ्यावी. मग तोच भाग वर उचलावा, तसाच हळू खाली बसू द्यावा आणि पुन्हा उंची घ्यावी. दोन आकडे सारखे येत नाहीत. दाबलेली गाडी जरा खाली थांबते, उचललेली जरा वर. या फरकाचा निम्मा म्हणजे घर्षणाचे माप, स्प्रिंगच्या मिलिमीटरमध्ये. ही चाचणी एकदा शॉकअपचे बाहू एक्सलपासून सोडवून करावी आणि एकदा जोडून. सोडवून आलेले घर्षण पाट्यांचे आणि बुशांचे. जोडल्यावर वाढलेले शॉकअपचे. बाहू सोडवूनच आकडा मोठा येत असेल, तर पाटे गंजले आहेत किंवा शॅकल जाम आहेत, आणि त्या गाडीत शॉकअपच्या घर्षणाला जागाच उरलेली नाही. याउलटही घडते. चामड्याचे वेष्टण घातलेले, आतून ग्रीस भरलेले पाटे असलेल्या गाडीत पाट्यांचे घर्षण फार कमी असते, तिथे शॉकअपवर सगळा भार येतो. याच चाचणीतून आणखी एक गोष्ट ध्यानात येते: सुक्या घर्षणाच्या गाडीची उभी असतानाची उंची एकच अशी नसतेच. त्यामुळे ‘डावी बाजू अर्धा इंच खाली आहे’ म्हणून पाटे बदलायला निघण्याआधी ती बाजू दाबून आणि उचलून दोन्ही आकडे घ्यावेत.

शॉकअप स्वतंत्रपणे तपासायला ताणकाटा पुरतो. एक्सलकडची पिन काढून बाहूच्या टोकाला काटा अडकवावा आणि बाहूशी काटकोन राखत सावकाश ओढावे. सुटतानाचा आकडा मोठा येईल, तो सोडून द्यावा. सलग सरकताना काटा जिथे स्थिर राहतो तो आकडा धरावा. दोन्ही दिशांना घ्यावा. पुढच्या दोन शॉकअपचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, मागच्या दोघांचे एकमेकांशी. तबकडीवरच्या खुणा जुळवणे म्हणजे हे नव्हे: शंभर वर्षांच्या दोन स्प्रिंग-चकत्या सारख्या खुणेवर सारखा दाब देतील असे मुळीच नाही. ओढताना काटा मध्येच वाढत-घटत असेल, तर चकत्या वेड्यावाकड्या झाल्या आहेत, गुळगुळीत झाल्या आहेत, किंवा कुठून तरी तेल उडाले आहे. लाकडी चकत्यांना आपल्याकडच्या हवेचाही विचार लागतो. कोकणात पावसाळाभर बंद गॅरेजात उभी राहिलेली गाडी गणपतीनंतर बाहेर काढली, तर ओल धरलेल्या लाकडामुळे जानेवारीतल्या खुणेवरच असलेला काटा जानेवारीतला दाब दाखवीलच असे नाही. काही दिवस गाडी चालवून, चकत्या सुकून बसल्या की पुन्हा मोजावे. आणि एक सूचना जिवाशी संबंधित आहे: नंतरच्या काळातल्या जुन्या घर्षण-चकत्यांमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकते. त्या कोरड्या घासू नयेत, फुंकर किंवा हवेचा फवारा मारू नये.

दर रस्त्याला वेगळी जुळणी हवी, हे त्या काळच्या लोकांनाही उमगले होते. १९३०च्या दशकात आंद्रे कंपनीने ‘टेलिकंट्रोल’ काढले. त्यात चकत्यांवरचा दाब द्रवाच्या साहाय्याने चालत्या गाडीत डॅशबोर्डवरून बदलता येई. रोल्स-रॉइसने त्याच दशकात आपल्या तेलाच्या शॉकअपसाठी सुकाणूच्या चाकावर छोटा दांडा दिला आणि गिअरबॉक्सवर चालणाऱ्या पंपाने तेलाचा दाब वाढवायची सोय केली. अशा गाड्यांत शॉकअप तपासण्याआधी त्या नळ्या, तो पंप आणि तो दांडा तपासावा लागतो.

तेलाची कथा पुन्हा फ्रान्सपासून सुरू होते. मॉरिस हूदाय यांच्या शॉकअपमध्ये गोल पेटी असते, तिच्यात एक पंख फिरतो आणि द्रव बारीक वाटेने एका कप्प्यातून दुसऱ्यात ढकलला जातो. १९२७च्या अखेरीस आलेल्या फोर्ड मॉडेल ए गाडीला चारही चाकांवर हे शॉकअप कारखान्यातूनच मिळाले. आत ग्लिसरिन असे, आणि आसाच्या टोकाशी असलेली सुईझडप फिरवून वाट लहान-मोठी करता येई. इथे घर्षणाच्या बरोबर उलटा स्वभाव भेटतो. बारीक भोकातून द्रव ढकलताना वेग दुप्पट झाला की विरोध जवळजवळ चौपट होतो. हळू डोलण्याला हा शॉकअप जेमतेम अडवतो आणि धारदार खड्ड्यात मात्र जागच्या जागी ताठ होतो. हळू डोलणे थांबेपर्यंत सुई बंद करत गेलात, तर पहिल्याच गतिरोधकाला हिसका बसेल. नंतरच्या काळातल्या शॉकअपमध्ये ठरावीक दाबाला स्प्रिंगवर उघडणारी झडप आली ती यासाठीच. ग्लिसरिनचा दाटपणा तापमानाबरोबर फार बदलतो, म्हणून सकाळच्या गारव्यात केलेली जुळणी दुपारी तशीच राहत नाही. आधी गाडी चालवून आणावी, मगच सुईला हात लावावा.

मॉरिस मायनर, एमजी, ऑस्टिन-हीली या गाड्या सांभाळणाऱ्यांना बाहूवाला तेलाचा शॉकअप परिचयाचा असतो. आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने आलेली मायनर अजून काही घरांत आहे. तिच्या पुढच्या चाकांना शॉकअपचा बाहू हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा आहे. त्याचा आस झिजला की गाडी डोलते, आणि चाकाचा कोनही बिघडतो. असा शॉकअप काढून व्हाइसमध्ये, गाडीवर असतो तसा उभा धरावा आणि बाहू टोकापासून टोकापर्यंत सावकाश हलवावा. विरोध सगळीकडे सलग हवा. दिशा उलटताना बाहू थोडा मोकळा सरकत असेल आणि मग पकडत असेल, तर आत हवा आहे. तेल भरून, पूर्ण फेऱ्या मारून ती बाहेर काढावी. फेऱ्या मारूनही मोकळीक गेली नाही, तर झडप किंवा पिस्टन झिजला आहे. बूच उघडण्याआधी भोवतालची माती पुसावी, कारण आत गेलेला एक कण झडपेखाली बसला तर सगळी मेहनत फुकट जाते. तेल कोणते, याचे उत्तर एमजीच्या पुस्तिकांनी देऊन ठेवले आहे: आर्मस्ट्राँगचे ६२४, किंवा एसएई २० दर्जाचे खनिज तेल. जाड तेल घालून शॉकअप ‘कडक’ करण्याची पद्धत मला पसंत नाही. त्याने झडपेचा दोष झाकला जातो, थंड सकाळी गाडी आदळते आणि तेल तापले की दोष जिथल्या तिथे असतो.

नळीचे, म्हणजे टेलिस्कोपिक शॉकअप या पुस्तकात थोडक्यात आटोपले आहेत. ते युद्धोत्तर गाड्यांचे, आणि त्यांवर माहिती मुबलक आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० गाड्यांवर तेच होते. महाराष्ट्रातल्या मिस्त्र्यांच्या तोंडी असलेले गॅब्रियल हे नाव मूळचे क्लीव्हलंडचे. तिथे क्लॉड फॉस्टर यांनी पट्टा गुंडाळलेला ‘स्नबर’ काढला होता, तो फक्त उसळी रोखायचा. १९६१मध्ये भारतात गॅब्रियल इंडिया उभी राहिली आणि तिचा कारखाना मुंबईत मुलुंडला आला. फॉस्टर यांनी फक्त उसळीच का रोखली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चाक वर येताना शॉकअपचा विरोध स्प्रिंगच्या जोरात मिसळून थेट गाडीला लागतो. चाक खाली जाताना मात्र तो स्प्रिंगला आवरतो. म्हणून तेलाच्या शॉकअपमध्ये उसळीचा विरोध सहसा दुप्पट-तिप्पट ठेवतात. हार्टफर्डसारख्या चकत्यांच्या शॉकअपला ही निवड करता येत नाही, त्याला दोन्ही दिशा सारख्याच. उसळी फारच अडवली तर आणखी एक दोष होतो: सलग खडबडीवर चाकांना खाली उतरायला वेळ मिळत नाही आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. मागच्या गाडीतून कोणी पाहिले तर हे चटकन दिसते.

शॉकअपच्या पुस्तकात स्प्रिंगला मोठे प्रकरण दिले आहे, कारण किती आवरायचे हे स्प्रिंगच ठरवते. स्प्रिंग गाडीच्या वजनाने किती सेंटिमीटर दबली आहे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि ३००ला त्याने भागावे. मिनिटाला साधारण किती झोके होतील ते कळते. ४ सेंमी दबली तर १५०, ९ सेंमी दबली तर १००. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी मिनिटाला ९०च्या आसपासचा ठेका सुखाचा मानला, कारण माणसाच्या चालण्याच्या गतीशी तो जवळचा आणि शरीराला त्याची सवय असते. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ऑली यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका मोठ्या गाडीवर पुढे-मागे सरकवता येतील अशी वजने बसवली, स्प्रिंगा बदलता येतील अशा ठेवल्या आणि माणसांना बसवून फिरवले. पुढचा ठेका मागच्यापेक्षा सावकाश ठेवला तर गाडी पुढे-मागे झुलत नाही, सपाट चालते, हे त्यातून उघड झाले. १९२०च्या दशकातल्या पुष्कळ गाड्या याच्या उलट बांधलेल्या आहेत: पुढच्या स्प्रिंगा ताठ, मागच्या मऊ. त्या झुलणारच. त्यांचे झुलणे शॉकअपने पूर्ण घालवण्याचा अट्टहास केला तर गाडी आदळू लागेल. कोणत्या गाडीकडून काय मागायचे, हे मालकाने जुळणीला बसण्याआधीच ठरवावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आणखी एक धोका. पुढची चाके थडथडू लागली, सुकाणू हातात नाचू लागले, की पुढचे शॉकअप आवळून ते दाबता येते. पण थडथडीचे मूळ किंगपिन, सैल सांधे, असंतुलित चाक किंवा कॅस्टरच्या कोनात असते. शॉकअपने दाबलेला दोष उताराच्या घाटात, चकत्या तापून घर्षण बदलल्यावर, एकाएकी वर येऊ शकतो. म्हणून टायरचा दाब, चाकांचे संतुलन, किंगपिन, शॅकल, पाटे आणि सगळ्यांत शेवटी शॉकअप, हा क्रम मोडू नये. चासीखाली काम करताना गाडी नुसत्या जॅकवर सोडू नये, आधाराला घोडे लावावेत.

कोपरा दाबून सोडण्याची चाचणी सगळेच करतात. ती निरुपयोगी नाही, पण हाताने दाबलेल्या गाडीचा वेग खड्ड्यातल्या चाकाच्या वेगाच्या मानाने फार कमी असतो. पूर्ण रिकामा शॉकअप तिच्यात सापडतो, चुकीची झडप सापडत नाही. युरोपात चाक फळीवर ठेवून, सेकंदाला २५पर्यंत कंपने देऊन, टायर फळीवर किती दाबून राहतो ते पाहणारी यंत्रे आहेत. आधुनिक गाडीला ती ठीक. फळीची ती काही मिलिमीटरची हालचाल हार्टफर्डच्या चकत्या सुटायलाही पुरत नाही. ती सगळी हालचाल टायरच सोसतो आणि यंत्राचा आकडा शॉकअपबद्दल काहीच सांगत नाही. त्यापेक्षा रस्त्यावरची चाचणी बरी, मात्र शिस्तीने केलेली: तोच रस्ता, तोच वेग, तोच टायरचा दाब, तेवढीच माणसे, आणि एका वेळी एकच बदल. एक्सल चासीच्या रबरी ठोकळ्याला टेकते का, हे पाहायला ठोकळ्यावर मऊ मेणाचा गोळा चिकटवावा. किती दबला ते परत आल्यावर मोजता येते.

मूळ शॉकअप काढून टेलिस्कोपिक बसवावेत का, हा प्रश्न हमखास निघतो. माझे मत स्पष्ट आहे: ज्या गाडीला मूळ शॉकअप आहेत, तिच्यावर ते राहावेत. आपल्या केंद्र सरकारने २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी दिली. नियमांतला मुख्य कटाक्ष चासी, बॉडी आणि इंजिनावर आहे हे खरे, पण टेलिस्कोपिक बसवायला चासीला नवी भोके पाडावी लागतात, जिथे जोर घेण्यासाठी ती चासी कधी बनवलीच नव्हती तिथे. शिवाय नीट जुळवलेल्या हार्टफर्डवरची बेंटली कशी चालते, हे त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि ते फक्त चालवूनच कळते.

पहिली चार प्रकरणे क्रमाने वाचावीत. त्यांत मोजमाप आहे. पुढे आपल्या गाडीवर जो शॉकअप असेल, तेवढेच प्रकरण वाचले तरी चालेल. लागणारे सामान थोडे आहे: ताणकाटा, मिलिमीटरची पट्टी, दणकट व्हाइस, दोन जोड्या घोडे, आणि आकडे तारखेसह लिहायला एक वही. प्रत्येक जुळणीनंतर काटा किती खुणेवर आहे, ताणकाट्यावर किती आले, त्या दिवशी हवा कशी होती, हे वहीत नोंदवावे. वही गाडीच्या कागदपत्रांबरोबरच ठेवावी, म्हणजे गाडी विकली गेली तर तीही नव्या मालकाकडे जाईल.